पशुवैद्यकाला विचारा : मांजरीचा कोरोना आणि माणसांची घाई

मागच्या अंकात एका उत्तराच्या ओघात ‘मांजरांमध्येही कोरोना कुळातील विषाणू असतो’ असे एक वाक्य मी लिहून गेलो आणि त्या एका वाक्याने महिनाभरात बरीच पत्रे आणली. काही काळजीची होती, काही रागाची, आणि एका पत्रात तर ‘गावातल्या मांजरींचे काय करायचे ते आता ग्रामसभेतच ठरवू’ असे लिहिले होते. वाक्य अर्धवट सोडल्याचा दोष माझा आहे, म्हणून या वेळचे संपूर्ण सदर याच विषयाला दिले आहे. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे गाळली असून लांब पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : आमच्या घरी नऊ महिन्यांची कबरी मांजर आहे. महिनाभरापूर्वी तिचे पोट वाढू लागले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या की गाभण असेल. परंतु पोट वाढत गेले तसा पाठीचा कणा हाताला लागू लागला, खाणे सुटले आणि ताप काही उतरेना. पाच दिवस इंजेक्शने झाली, फरक पडला नाही. शेवटी शहरातील एका डॉक्टरांनी पोटातील पाणी सुईने काढून पाहिले आणि ‘हा मांजरींचा कोरोना आहे’ असे सांगितले. माझी सात वर्षांची मुलगी तिला कुशीत घेऊन झोपते. शेजारचे लोक म्हणतात, ‘मांजरीले कोरोना झाला म्हन्ते, रानात सोडून द्या तिले.’ आम्ही काय करावे? — एक गृहिणी, दारव्हा तालुका

उत्तर : ताई, आधी मुलीविषयी. आपल्या मांजरीला जो विषाणू आहे तो माणसाला होत नाही. २०२० साली जगभर पसरलेला कोविडचा विषाणू आणि मांजरांचा हा विषाणू एकाच मोठ्या कुळातले असले तरी त्यांच्या शाखा वेगळ्या आहेत. मांजरांचा अल्फा गटातला, कोविडचा बीटा गटातला. तूर आणि बाभूळ ही दोन्ही शेंगावर्गातलीच झाडे आहेत, म्हणून बाभळीच्या शेंगांचे वरण कोणी शिजवत नाही. मुलीने मांजरीजवळ बसायला, तिला कुरवाळायला हरकत नाही. आजारी जनावराला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत, ही शिस्त कोणत्याही आजारात असते तेवढीच येथेही पुरे.

आता आजाराविषयी. मांजरांचा कोरोना हा मुळात आतड्यांचा विषाणू आहे. तो विष्ठेतून बाहेर पडतो आणि पंजे चाटताना, एकाच जागी उकरताना दुसऱ्या मांजरीच्या तोंडावाटे आत जातो. बहुतेक मांजरींना त्याने काहीही होत नाही, काहींना चार दिवस पातळ शौचास होते आणि ते आपोआप थांबते. मात्र संसर्ग झालेल्या शंभरांपैकी साधारण पाच ते दहा मांजरींत, आणि त्यातही बहुतेक दोन वर्षांच्या आतल्या मांजरींत, हा विषाणू त्या मांजरीच्याच शरीरात आपले रूप बदलतो. मग तो आतड्याच्या अस्तरात राहायचे सोडून मॅक्रोफेज नावाच्या पांढऱ्या पेशींत शिरतो, म्हणजे ज्या पेशींनी जंतूंना गिळून टाकायचे त्यांच्याच पाठीवर बसून अंगभर फिरू लागतो. त्यामुळे लहान रक्तवाहिन्यांना दाह होतो आणि त्यांतून झिरपलेला प्रथिनयुक्त द्रव पोटात किंवा छातीत साठतो. अमेरिकेतील बोस्टन येथील पशुवैद्यक जीन होल्झवर्थ यांनी १९६३ साली या आजाराचे वर्णन केले. त्याला फिलाइन इन्फेक्शियस पेरिटोनायटिस, म्हणजे मांजरांचा संसर्गजन्य उदरावरणदाह, म्हणतात, आणि डॉक्टरांच्या बोलण्यात त्याचे ‘एफआयपी’ होते.

या नावात ‘संसर्गजन्य’ असा शब्द बसला आहे आणि त्याने फार गोंधळ केला आहे. एका मांजरीकडून दुसरीकडे जातो तो साधा, आतड्यातला विषाणू. बदललेले घातक रूप सहसा ज्या मांजरीत घडले तिच्यातच राहते. याला एक मोठा अपवाद अलीकडे घडला. २०२३ मध्ये सायप्रस बेटावर मांजरांच्या कोरोनात कुत्र्यांच्या कोरोनाचा तुकडा मिसळून एक नवा प्रकार तयार झाला, तो थेट मांजरीकडून मांजरीला होत गेला आणि हजारो मांजरी आजारी पडल्या. आपल्या मांजरीची कथा तशी नाही. नऊ महिन्यांचे वय, घरात एकटी मांजर, सावकाश वाढलेले पोट, हे सारे नेहमीच्या एफआयपीचे चित्र आहे.

परंतु चित्र म्हणजे निदान नव्हे. गाभण मांजरीचे पोट वाढते तेव्हा तिचा कणा बोटांना टोचत नाही आणि सुमारे नऊ आठवड्यांत ती विते, हे सासूबाईंनाही पटेल. याखेरीज जंत, यकृताचे विकार, हृदयाचा विकार, पोटातील गाठ, आतडे फुटून झालेला जंतुसंसर्ग, यांपैकी कशानेही पोट फुगू शकते. येथे मला स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत, जेव्हा दवाखान्यात बैलांचे खांदे आणि म्हशींचे अडलेले वासरू यांतून मांजरीकडे बघायला सवड नसे, तेव्हा अशी फुगलेल्या पोटाची पिल्ले आली की मी जंताचे औषध आणि लघवी वाढवणारे औषध लिहून देत असे. त्या पिल्लांपैकी किती एफआयपीची होती हे आता कळणे शक्य नाही, पण त्यांतील एकही पुन्हा दाखवायला आणले गेले नाही, याचा अर्थ मी तेव्हा ‘बरे झाले’ असा लावला होता.

आपल्या डॉक्टरांनी पाणी काढून पाहिले, हे योग्य केले. एफआयपीचा द्रव करडईच्या तेलासारखा पिवळा असतो आणि दोन बोटांत धरून बोटे दूर केली तर एकतारी पाकासारखी तार सुटते. त्यावर एक जुनी, स्वस्त चाचणी आहे, तिला रिव्हाल्टा चाचणी म्हणतात. काचेच्या नळीत डिस्टिल्ड वॉटर घेऊन त्यात तीव्र अॅसेटिक आम्लाचा एक थेंब मिसळतात आणि वरून पोटातील द्रवाचा एक थेंब हळूच सोडतात. तो थेंब विरघळून गेला तर एफआयपी असण्याची शक्यता फारच कमी; तो आपला आकार धरून, मागे पांढुरकी शेपटी सोडत, सावकाश तळाकडे गेला तर शंका बळावते. बळावते एवढेच, कारण जंतूंच्या संसर्गातील पू किंवा काही प्रकारचा कर्करोग यांतही थेंब तसाच राहू शकतो. म्हणून सोबत रक्तातील अल्ब्युमिन आणि ग्लोब्युलिन या प्रथिनांचे प्रमाण पाहतात. त्यांचे गुणोत्तर ०.४ पेक्षा कमी आले तर एफआयपीची शक्यता मोठी, ०.८ च्या वर असेल तर दुसरे कारण शोधावे. पोटातील द्रवाची पीसीआर तपासणी करता आली तर उत्तम.

ही जुळवाजुळव तालुक्याच्या दवाखान्यात पूर्ण होईलच असे नाही. यवतमाळ भागातून नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था यांपैकी जे सोयीचे असेल तेथे मांजर न्यावी. नेताना तिला झाकणाच्या टोपलीत, अंधारात आणि सावलीत न्या, कारण एसटीच्या खिडकीशी उघडी धरलेली आजारी मांजर तेथे पोहोचेपर्यंत अर्धी संपते. आणि एक गोष्ट आजपासूनच पाळा : ताप आहे म्हणून पॅरासिटामॉलची अर्धी गोळीही देऊ नका. मांजरीचे यकृत ते औषध पचवू शकत नाही आणि एका गोळीनेही तिचा जीव जाऊ शकतो. निरोगी मांजरीचे तापमान ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते हे लक्षात ठेवले, तर केवळ अंग गरम लागते म्हणून धावपळ होणार नाही.

रानात सोडण्याविषयी एवढेच, की आजारी मांजर रानात सोडल्याने आजार गावाबाहेर जात नाही, फक्त तिचे मरण आपल्या नजरेआड जाते. उपचार आता आहे. त्याविषयी पुढे कारंज्याच्या वाचकांना लिहिले आहे, ते आपणही वाचावे.

प्रश्न : मी बारावीत आहे. वडिलांनी वाढदिवसाला शहरातून पर्शियन जातीचे पिल्लू आणून दिले. त्याला दोनदा पातळ शौचास झाली म्हणून रक्त तपासले, तर अहवालात कोरोना अँटीबॉडी ‘पॉझिटिव्ह’ आली. पिल्लू आता व्यवस्थित खाते, खेळते. तरी घरचे म्हणतात की ते मरणारच आहे, परत देऊन टाक. — एक विद्यार्थिनी, पुसद

उत्तर : बाळ, तो अहवाल घडी करून पुस्तकात ठेव आणि पिल्लाशी खेळ. अँटीबॉडी म्हणजे प्रतिपिंडे. ती सांगतात की या पिल्लाची कधीतरी त्या विषाणूशी गाठ पडली होती. विषाणू आज अंगात आहे का, आणि असल्यास त्याने रूप बदलले आहे का, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात नसते. जेथे अनेक मांजरी एकत्र पाळून पिल्ले विकली जातात, तेथील बहुतेक पिल्लांची चाचणी अशीच येईल, कारण तेथे दहा मांजरींना शौचाचे दोन ट्रे असतात आणि आईकडून मिळालेले संरक्षण पाच-सहा आठवड्यांत ओसरले की पिल्लू त्याच ट्रेमधून विषाणू उचलते. गमतीची गोष्ट अशी की आपल्या खेड्यातील मांजर, जी रोज वेगळ्या ठिकाणची भुसभुशीत माती उकरून शौच झाकते, ती या बाबतीत महागड्या मांजरीपेक्षा पुष्कळ सुरक्षित असते.

तू करायचे ते इतकेच. पिल्लाला स्वतःचा वेगळा ट्रे दे, त्यातील विष्ठा रोज उचल, जेवणाचे ताट आणि ट्रे दूर ठेव. पुढचे काही महिने त्याचे घर पुन्हा बदलू नकोस, कारण घर बदलणे, प्रवास, शस्त्रक्रिया असा ताण आणि एफआयपी यांचा संबंध वारंवार दिसला आहे. म्हणजे घरच्यांनी सुचवलेला उपायच पिल्लाला सर्वांत घातक ठरू शकतो. नसबंदी करायची ती त्याला घर अंगवळणी पडल्यावर कर. वजन दर रविवारी मोजून वहीत लिही. वजन वाढायचे थांबले, ताप राहिला, डोळ्याचा रंग बदलला किंवा चालताना मागचे पाय डळमळू लागले तर मात्र थांबू नकोस; एफआयपीचा एक कोरडा प्रकार असतो, त्यात पोट फुगत नाही आणि आजार डोळ्यांत किंवा मेंदूत दिसतो.

प्रश्न : आमच्या बोक्याला एफआयपी असल्याचे निदान झाले आहे. एका ओळखीच्या मुलाने परदेशातून गोळ्या मागवून देतो असे सांगितले. बाटलीवर औषधाचे नाव नाही, फक्त एक आकडा आहे. ८४ दिवस द्यायच्या म्हणतात. हे करोनात वापरलेले रेमडेसिविरच का? आणि खरोखर गुण येतो का? — एक शेतकरी कुटुंब, कारंजा (लाड)

उत्तर : गुण येतो, हे आधी स्पष्ट लिहितो, कारण आमच्या पिढीतील पशुवैद्यकांना ‘एफआयपी म्हणजे मृत्यू’ असेच शिकवले गेले होते आणि अजूनही काही जण तेच सांगतात. तेव्हा उपचाराविना पोटात पाणी झालेली मांजर काही दिवस, फार तर काही आठवडे जगत असे. स्टेरॉइडने तिला थोडे बरे वाटे, पण शेवट बदलत नसे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यक नील्स पेडरसन यांनी या आजारावर अनेक दशके काम केले. २०१९ साली त्यांच्या गटाने एफआयपी झालेल्या ३१ मांजरींवर जीएस-४४१५२४ या औषधाचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांतील पाच मांजरी उपचाराच्या सुरुवातीलाच गेल्या, उरलेल्या २६ मांजरींनी किमान बारा आठवड्यांचा उपचार पूर्ण केला, काहींचा आजार मध्येच उलटला म्हणून त्यांना पुन्हा औषध द्यावे लागले, आणि अखेर २५ मांजरी दीर्घकाळ जगल्या. आपण ज्या ८४ दिवसांविषयी ऐकले ते म्हणजे हेच बारा आठवडे.

रेमडेसिविर आणि हे औषध सख्खे भाऊ आहेत असे समजा. रेमडेसिविर शरीरात गेल्यावर त्याचे रूपांतर मुख्यतः याच जीएस-४४१५२४ मध्ये होते, आणि दोन्ही विषाणूला आपल्या प्रती काढताना मध्येच अडवतात. २०२१ पासून ब्रिटनमध्ये आणि जून २०२४ पासून अमेरिकेत पशुवैद्यकाच्या चिठ्ठीवर मांजरांसाठी हे औषध कायदेशीर मिळू लागले. त्याआधीची काही वर्षे जगभरातील मांजरपाळ्यांनी ते चोरट्या बाजारातून घेतले, आणि आपल्याकडे येणारी नाव नसलेली बाटली त्याच वाटेने आलेली आहे. अशा बाटल्यांत लेबलवर लिहिलेले प्रमाण आणि प्रत्यक्षातील प्रमाण जुळत नसल्याचे तपासण्यांत आढळले आहे. अपुरे औषध मिळाले तर विषाणू दबतो, संपत नाही, आणि पुढे तेच औषध त्याच्यावर कमी चालते; आपल्या कपाशीत बोंडअळीने औषधांना न जुमानण्याची जी कथा आपण सर्वांनी पाहिली, तिचीच ही छोटी आवृत्ती. म्हणून माझा सल्ला असा, की त्या मुलाला थांबवा आणि नागपूर किंवा अकोल्याच्या तज्ज्ञांशी बोलून, त्यांच्या चिठ्ठीने, त्यांच्या देखरेखीखालीच उपचार सुरू करा. डोस मी येथे मुद्दाम देत नाही. तो मांजरीच्या वजनावर ठरतो, आजार डोळ्यांत किंवा मेंदूत असेल तर वाढवावा लागतो, आणि सदरातला आकडा वाचून दिलेले औषध हे औषध नव्हे.

उपचार सुरू झाल्यावर साधारण पहिल्या आठवड्यातच ताप उतरतो, बोका ताटाकडे येतो, आणि पुढच्या एक-दोन आठवड्यांत पोटातील पाणी ओसरू लागते. नेमकी येथेच माणसे चूक करतात. ‘बरा झाला, आता कशाला पैसे’ म्हणून औषध बंद होते आणि आजार उलटतो. वजन दर आठवड्याला मोजणे भाग आहे, कारण बरे होणारी मांजर भराभर वाढते आणि तिच्या वाढलेल्या वजनाला जुना डोस तोकडा पडतो. त्यासाठी किराणा दुकानातील काटा चालतो. बोक्याला कापडी पिशवीत बसवून मोजावे आणि पिशवीचे वजन वजा करावे. म्युनिक येथील एका अभ्यासात, जो २०२४ साली प्रसिद्ध झाला, पोटात किंवा छातीत पाणी झालेल्या ४० मांजरींपैकी निम्म्यांना ४२ दिवस आणि निम्म्यांना ८४ दिवस औषध दिले, तेव्हा दोन्ही गटांचा गुण सारखाच आला. खर्च निम्म्यावर येण्याची ही वाट आहे, परंतु त्या मांजरींची रक्ततपासणी वारंवार होत होती. आपल्या मनाने ४२व्या दिवशी थांबू नये. औषध संपल्यावरही पुढचे तीन महिने डोळा ठेवावा.

आणखी एक. पोटातील पाणी दर आठवड्याला काढून घेण्याचा आग्रह धरू नका. त्या पाण्याबरोबर मांजरीची प्रथिने निघून जातात. छातीत पाणी होऊन श्वास लागला असेल तेव्हाच ते काढणे अपरिहार्य असते.

प्रश्न : आमच्या डाळमिलमध्ये उंदरांसाठी अकरा मांजरी ठेवल्या आहेत. दर पावसाळ्यात पिल्लांना उलट्या होतात, ती पाण्याच्या भांड्यावर तोंड ठेवून बसतात पण पीत नाहीत, आणि दोन-तीन दिवसांत मरतात. यंदा सहा गेली. आपला लेख वाचून हा कोरोनाच असावा असे वाटते. — एक मुनीम, मूर्तिजापूर तालुका

उत्तर : हा कोरोना नसावा. आपण लिहिलेले पाण्याच्या भांड्यावरचे ते तोंड मी इतक्या वेळा पाहिले आहे की पत्र वाचतानाच मला पॅनल्युकोपेनियाची शंका आली. हा पार्व्हो विषाणूचा आजार आहे. तो आतड्यांचे अस्तर सोलून काढतो आणि पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा करतो. उपचार न मिळालेल्या लहान पिल्लांत शंभरातील नव्वदपर्यंत मरू शकतात. खेड्यापाड्यांत एफआयपीने एक मांजर जात असेल तर या आजाराने किती जात असतील याचा हिशेब कोणी ठेवत नाही, आणि कोरोनाच्या नावाने उठलेल्या गदारोळात माझी खरी तक्रार हीच आहे, की ज्या आजाराला स्वस्त आणि खात्रीची लस आहे त्याबद्दल एकही पत्र भीतीचे आले नाही.

दोन्ही विषाणूंतला व्यवहारातला फरक समजून घ्या. कोरोनाच्या विषाणूला बाहेरून स्निग्ध आवरण असते, त्यामुळे साबणाच्या पाण्याने तो मोडतो. कोरड्या जागी मात्र सात आठवड्यांपर्यंत टिकू शकतो. पार्व्होला असे आवरण नाही, म्हणून साबण त्याचे काही बिघडवत नाही आणि तो पोत्यांच्या थप्पीमागे, फरशीच्या भेगांत वर्षभर तग धरतो. चपलेला लागून तो एका गोदामातून दुसऱ्यात जातो. आपल्याकडे दर वर्षी नवी पिल्ले त्याच जुन्या पोत्यांवर जन्मतात आणि मागच्या वर्षीचा विषाणू त्यांना भेटतो, एवढीच पावसाळ्याची गोष्ट आहे.

मेलेल्या पिल्लांचे पोते, गोणपाट जाळून टाका. जागा आधी साबणाने घासून, मग घरगुती द्रवरूप ब्लीच एक भाग आणि पाणी ३२ भाग या प्रमाणात घेऊन दहा मिनिटे ओली राहील अशी पुसा आणि नंतर स्वच्छ पाण्याने धुवा. काळे फिनाइल, जे आपण कोठ्यात सर्रास शिंपडतो, ते मांजरी असलेल्या जागी अजिबात वापरू नका, कारण त्यातील फिनॉल पंजांवरून चाटले जाते आणि मांजरीला ते विष आहे. मोठ्या सर्व मांजरींना आणि पुढच्या पिल्लांना तिहेरी लस टोचून घ्या. तिच्यात पॅनल्युकोपेनिया आणि सर्दीचे दोन विषाणू येतात. पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांचे असताना पहिली मात्रा आणि नंतर ते सोळा आठवड्यांचे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुढची. गाभण मांजरीला ही जिवंत विषाणूची लस देऊ नये. आजारी पिल्लू दिसताच त्याला सलाइन मिळाले तर काही वाचतात, परंतु ते पहिल्या दिवशी आणावे लागते, तिसऱ्या दिवशी नव्हे.

अकरा मांजरींत बोके किती आहेत हे आपण लिहिले नाही. भांडणाऱ्या बोक्यांत चाव्यातून एफआयव्ही नावाचा, मांजराची प्रतिकारशक्ती पोखरणारा विषाणू पसरतो. तोही माणसाला होत नाही. नसबंदी केली तर भांडणेही कमी होतील आणि पिल्लेही. उंदीर मारण्यात नसबंदी झालेली मांजर मागे पडत नाही.

प्रश्न : माझे चिकनचे दुकान आहे. उरलेली आतडी, मुंडकी रोज गल्लीतल्या मांजरींना टाकतो. पुण्याचे काम समजत होतो. आता ग्राहक म्हणतात की त्याने रोग पसरतो. — एक दुकानदार, सावनेर तालुका

उत्तर : ग्राहक बरोबर बोलतात, आणि आपल्या तालुक्यात तर विशेष बरोबर. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस नागपूरजवळच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट मरण पावले आणि भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेने त्यांच्या नमुन्यांत एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लूचा विषाणू असल्याचे सांगितले. पुढच्याच महिन्यात आपल्या शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात पाळीव मांजरींमध्ये तो सापडला. मांजरवर्गाला हा विषाणू कच्च्या, बाधित पक्ष्यांतून होऊ शकतो आणि तो झाला तर फार जलद मारतो. मांजरांच्या कोरोनाच्या उलट, यात माणसालाही खरा धोका आहे. तेव्हा दान थांबवू नका, शिजवा : आतडी-मुंडकी पूर्ण उकळून, हाडे काढून द्या. कोंबड्या किंवा कावळे अचानक मेलेले दिसले तर हात न लावता तालुक्याच्या पशुसंवर्धन अधिकाऱ्यांना कळवा.

प्रश्न : मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. घरात मांजर आहे, तर ती दुसरीकडे ठेवावी का? मांजरीला माणसाचा कोविड झाला तर? — एक आई, साकोली

उत्तर : मांजरीला माणसाकडून कोविडचा संसर्ग झाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत, २०२१ मध्ये हैदराबादच्या प्राणिसंग्रहालयात आठ सिंहांनाही तो झाला होता. मांजरीकडून माणसाला झाल्याची उदाहरणे अगदी विरळ. घरात कोणाला सर्दी-ताप असेल तर त्यानेच मांजरीपासून दूर राहावे.

गर्भवतीने सांभाळायचे ते टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीला. मांजरीला तो बहुधा आयुष्यात एकदा, कोवळ्या वयात होतो, त्या वेळी ती एक ते तीन आठवडे त्याची अंडी शौचातून टाकते, आणि ती अंडी बाहेर पडल्यानंतर एक ते पाच दिवसांनी माणसाला बाधू शकतात. म्हणून मांजरीची शौचाची जागा रोज साफ करावी, आणि ते काम मुलीने करू नये. मांजर घालवण्याचे कारण नाही. मुलीने सांदवाडीतील (परसबागेतील) मातीत हात घालताना हातमोजे घालावेत, सांभार (कोथिंबीर), मुळा, वांगी धुऊन खावीत आणि मटण पूर्ण शिजलेले असावे, कारण अनेकांना हा परजीवी मांजरीला हात न लावताच मिळतो.

प्रश्न : मांजरीने पायाला चावा घेतला, रक्त आले. घरच्यांनी हळद आणि चुना भरला. मांजर दुसऱ्या दिवसापासून दिसली नाही. चार दिवस झाले. काही करावे लागेल का? — एक शेतमजूर, आरमोरी तालुका

उत्तर : दादा, हे उत्तर छापून येण्याची वाट पाहू नये म्हणून आपल्याला दूरध्वनीने आधीच कळवले आहे, इतरांसाठी लिहितो. रेबीज मांजरीपासूनही होतो, आणि लक्षणे दिसल्यावर त्यावर उपाय नाही. चावा बसताच जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, तिच्यात हळद, चुना, तिखट काहीही भरू नये. रक्त आलेल्या जखमेत लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे तयार प्रतिपिंडे, लागते, ते जखमेत आणि तिच्या आजूबाजूला टोचतात. सरकारी दवाखान्यात लस मोफत आहे आणि कातडीत टोचायच्या पद्धतीने ती ०, ३, ७ आणि २८ या दिवशी घ्यायची असते. मांजर हरवली असेल तर ती पिसाळलेली होती असेच धरून चालावे. चार दिवस उशीर झाला तरी लस घ्यावी, दहा दिवस झाले तरी घ्यावी.